अंगठ्या राहू द्या, रेशाचं बोला

लेसिंगच्या ‘नाथान द वाइज’ या १७७९ सालच्या जर्मन नाटकाचा विषय निघाला, की सगळे तीन अंगठ्यांची गोष्ट सांगतात. धर्मयुद्धांच्या काळातलं जेरुसलेम. सुलतान सलादिन ज्यू व्यापारी नाथानला विचारतो, खरा धर्म कोणता? नाथान गोष्ट सांगतो: बापाने तीन मुलांना हुबेहूब सारख्या अंगठ्या दिल्या. अस्सल कुठली ते कळायला मार्ग नाही. ज्याने त्याने आपल्या वागण्यातून आपली अंगठी अस्सल ठरवावी.

गोष्ट सुंदरच आहे. पण माझी आई ख्रिस्ती, बाबा हिंदू. त्या भावांच्या बोटात निदान एकेक अंगठी तरी होती. मला लोक ‘अस्सल कुठली’ हे विचारत नाहीत. ‘तू नक्की कुणातली?’ असं विचारतात.

हा प्रश्न नाटकात नाथानच्या मुलीपुढे, रेशापुढे येतो. ख्रिश्चनांनी नाथानची बायको आणि सात मुलगे मारले. काही दिवसांतच एक ख्रिस्ती तान्हुली त्याच्या हाती आली आणि त्याने तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं. ज्यूने असं मूल वाढवलं तर त्याला जाळायचं, असा धर्मगुरूचा निवाडा. पुढे कळतं, की तिचा बाप सलादिनचा भाऊ होता, आई ख्रिस्ती. आणि तिच्यावर जीव जडलेला ख्रिस्ती सरदार? तिचा सख्खा भाऊ!

इथे मला लेसिंगचा राग येतो. दोन धर्मांतलं प्रेम त्याने नात्याचा पेच टाकून मोडून काढलं. आंतरधर्मीय लग्न नाटकात आहे, पण पडदा उघडण्याआधीच होऊन गेलेलं. नवरा-बायको दोघंही मेलेले.

शेवटी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. सगळे रक्ताचे, फक्त नाथान सोडून. १ ऑक्टोबर १९३३ रोजी, हिटलर सत्तेवर असताना, बर्लिनमधल्या ज्यू कलावंतांच्या संस्थेने याच नाटकाने आपलं काम सुरू केलं. त्या प्रयोगात शेवटी रंगमंचावर नाथान एकटा उरला होता.

तरी हे नाटक मी सोडत नाही, ते रेशामुळे. खरं कळल्यावर ती आपला धर्म शोधत बसत नाही. बाप काय फक्त रक्ताने होतो का, एवढंच ती विचारते आणि नाथानला धरून राहते. उद्यापासून ती कुठली प्रार्थना म्हणेल, हे लेसिंग सांगत नाही. कॉलेजच्या फॉर्मवर धर्माचा रकाना रिकामा ठेवणाऱ्या माझ्यासारखीला हे पुरेसं नाही. पण निदान कुणी तिच्या वतीने तो भरून टाकलेला नाही.