साक्ष, आरोप आणि पुरावा : केविन अ‍ॅनेट यांच्या निवासी शाळाविषयक लेखनाची चिकित्सा

कॅनडातील मूळनिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत सरकारी पैशावर आणि दीर्घकाळ चर्चच्या व्यवस्थापनाखाली चालल्या. सुमारे दीड लाख मुले त्यांत दाखल झाली. मुलांना कुटुंबापासून आणि मातृभाषेपासून तोडणे हे या व्यवस्थेचे धोरणच होते. तिच्यातील अत्याचारांविषयी लिहिणाऱ्यांत केविन अ‍ॅनेट हे वादग्रस्त नाव आहे. त्यांच्या 'हिडन फ्रॉम हिस्टरी : द कॅनेडियन होलोकॉस्ट' (२००१) या ग्रंथाच्या आधारे साक्ष आणि पुरावा यांच्या संबंधाचा विचार येथे केला आहे.

अ‍ॅनेट १९९२ मध्ये युनायटेड चर्चचे धर्मोपदेशक म्हणून ब्रिटिश कोलंबियातील पोर्ट अल्बर्नी येथे आले. तेथील निवासी शाळा १९७३ मध्ये बंद झाली होती. परंतु तिचे माजी विद्यार्थी परिसरात होते. १९९५ मध्ये अ‍ॅनेट यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९९७ मध्ये त्यांचे धर्मोपदेशकपदही गेले. शाळांचा प्रश्न उपस्थित केल्याची ही शिक्षा होती, असे त्यांचे म्हणणे. चर्चला ते मान्य नाही.

या लेखनाचे बलस्थान त्याच्या काळात आहे. पीडितांचे बोलणे ऐकण्यास संस्था फारशा उत्सुक नव्हत्या, तेव्हा अ‍ॅनेट यांनी ते ऐकले आणि मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न केंद्रस्थानी आणला. हा प्रश्न निराधार नव्हता. डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्येच पंधरा शाळांकडून मिळालेल्या माहितीवरून सुमारे २४ टक्के विद्यार्थी मृत्यू पावल्याचे नोंदविले होते. शासनाने त्या अहवालाची पुरेशी दखल घेतली नाही.

मर्यादा मात्र गंभीर आहे. अ‍ॅनेट ऐकलेली प्रत्येक गोष्ट सिद्ध तथ्याच्या पातळीवर ठेवतात. पन्नास हजारांहून अधिक मृत्यूंचा त्यांचा आकडा ज्ञात नोंदींनी सिद्ध होत नाही. १९६४ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी कॅमलूप्सच्या शाळेतून दहा मुले नेली, हा त्यांनी प्रसृत केलेला आरोप तर टिकणाराच नाही. त्या वर्षीच्या दौऱ्यात राणी ब्रिटिश कोलंबियात गेल्याच नव्हत्या. साधनचिकित्सेचा असा अभाव असला की खऱ्या साक्षीही संशयाच्या छायेत येतात आणि अत्याचार नाकारणाऱ्यांच्या हाती आयते शस्त्र पडते.

याउलट उदाहरण त्याच पोर्ट अल्बर्नीत सापडते. तेथील वसतिगृहाचा पर्यवेक्षक आर्थर प्लिंट याने न्यायालयात गुन्हे कबूल केले आणि १९९५ मध्ये त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. पुढे माजी विद्यार्थ्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ७५ टक्के दायित्व केंद्र सरकारवर आणि २५ टक्के चर्चवर निश्चित केले. उलटतपासणीच्या कसोटीला उतरलेल्या साक्षीने संस्थेला उत्तरदायी ठरविले. अतिशयोक्तीची तिला गरज भासली नाही.

तथापि, केवळ कागदपत्रांवर विसंबणेही पुरेसे नाही. सत्य व समेट आयोगाने सहा हजारांहून अधिक जणांचे म्हणणे ऐकले. त्याच्या २०१५ च्या अहवालात सुमारे ३,२०० मृत्यूंची नोंद असून प्रत्यक्ष संख्या अधिक असावी, असे म्हटले आहे. नोंदलेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ एकतृतीयांश नोंदींत मुलाचे नावही नाही. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांनीच दप्तर राखले असेल, तर दप्तरातील मौन निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही. अ‍ॅनेट यांना हे मौन अचूक दिसले; परंतु ते त्यांनी अनुमानाने भरून काढले. आयोगाने ते मौन मौन म्हणूनच नोंदविले आणि त्याची जबाबदारी शासन व शाळांवर ठेवली.

सारांश, अ‍ॅनेट यांचे लेखन इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही आणि कपोलकल्पित म्हणून सरसकट बाजूलाही सारता येत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता. उत्तराची पद्धत सदोष होती. पीडिताची साक्ष आदराने ऐकणे आणि ती काटेकोरपणे तपासणे ही परस्परविरोधी कर्तव्ये नाहीत. तपासणी हा त्या आदराचाच भाग आहे, कारण तपासून घेतलेली साक्ष नाकारणे सत्तेला कठीण जाते.