बुडत्या कंपनीचा पत्रव्यवहार

दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्रास परिचित झालेली एन्रॉन कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या सुमारे १५० कर्मचाऱ्यांच्या, बहुतांशी वरिष्ठांच्या, ईमेलचा संग्रह २००३ साली सरकारी चौकशीतून प्रसिद्ध झाला. त्यावरील २००९ च्या एका अभ्यासात असे आढळले की, दिवाळे निघण्याच्या सुमारे महिनाभर आधी, आपसांतच बोलणाऱ्या कोंडाळ्यांची संख्या १०० वरून जवळजवळ ८०० वर गेली. भीतीने माणसे मुकी होत नाहीत. ती कुजबुजू लागतात. परंतु हा संग्रह मुख्यतः कुजबुजणाऱ्यांचाच आहे. ज्यांची निवृत्तीची पुंजी कंपनीच्या समभागांत बुडाली, त्या सामान्य नोकरांपैकी बहुतेकांचा आवाज त्यात नाही. विश्रांतवाडीच्या नोकरदार वाचकाने आधी हे मौन वाचावे, असे आम्हांस वाटते.