शेतघरची बिअर आणि ताडाचे झाड

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून डोंबिवलीला आला आणि त्याने फराळाच्या ताटाशेजारी दोन बाटल्या आणून ठेवल्या. सौभाग्यवतींनी ताट उचलून नेले; बाटल्यांना हात लावला नाही. ‘सर,’ तो म्हणाला, ‘तुम्ही कादंबऱ्यांवर एवढी टीका लिहिता, एकदा यांच्यावर लिहून पाहा. एक बेल्जियमची आहे, एक अमेरिकेची. दोघीही स्वतःला शेतघरची म्हणवतात. कुणाचे खरे मानायचे?’

दिवाळी अंकात एका शाळामास्तराने बिअरवर लिहावे हे काही वाचकांना रुचणार नाही. त्यांची क्षमा मागतो. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात आजही पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, आणि तो मी रीतसर काढलेला आहे, हे आमच्या मुख्याध्यापकांच्या माहितीसाठी. मी बिअरचा जाणकार नव्हे. परंतु जाणकार नसताना टीका लिहिण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, तिच्या आधारावर पुढे जातो.

बेल्जियमच्या दक्षिणेस फ्रेंच बोलणाऱ्यांचा वॅलोनिया नावाचा मुलूख आहे. त्यातल्या एनो प्रांतात शेतकरी आपल्या घरीच बिअर करीत. हिवाळ्यात शेतीचे काम थंडावले, की घरचे धान्य आणि रिकामे हात या दोहोंचा उपयोग व्हावा म्हणून ती करावयाची. उन्हाळ्यात सुगीसाठी मजूर आले, की त्यांना ती पाजावयाची. उन्हाळ्यात केलेली बिअर नासते, म्हणून हा क्रम. तिचे नावच ‘सेझाँ’, म्हणजे हंगाम. मजुराने दिवसभर प्यावी आणि तरी त्याच्या हातातला विळा हलू नये, इतपतच ती कडक असे म्हणतात. आता काही अभ्यासक ही सारी कथा पुरती मानीत नाहीत. एकोणिसाव्या शतकात लिएज शहरातही सेझाँ होत असे आणि ती काही शेतमजुरांसाठी नव्हती, असे ते दाखवून देतात. असो. आपल्या गावांच्या स्थळपुराणांचे तरी दुसरे काय असते?

पहिली बाटली तूर्प गावच्या द्युपाँ घराण्याची. त्या वाड्यात १८४४पासून बिअर होते. द्युपाँ मंडळी तिथे आली १९२०मध्ये, आणि कशी आली ते ऐकण्यासारखे आहे. लुई नावाचा मुलगा शेती करण्यासाठी कॅनडाला जावयास निघाला होता. त्याने परमुलखी जाऊ नये म्हणून बापाने त्याला ही शेती आणि तिच्यातली भट्टी विकत घेऊन दिली. मुलाला घरी ठेवण्याचे बापाचे उपाय निरनिराळे असतात. आमच्या डोंबिवलीत बाप वन-रूम-किचन देतो, आणि मुलगा तरी कॅनडाला जातोच.

ही बिअर पेल्यात ओतली तेव्हा फेसच फेस आला. रंग फिकट सोनेरी, जरा गढूळ. पहिला घोट घेतला आणि, खरे सांगतो, निराशा झाली. गोडवा नाही, सुवासाचा थाट नाही. मिऱ्यासारखे काहीतरी जिभेच्या कडेला लागले आणि तोंड कोरडे पडले. दुसरा घोट त्या कोरडेपणासाठीच घ्यावा लागला. तिसरा मी आपण होऊन घेतला. अर्ध्या पेल्यानंतर ध्यानात आले, की ही बिअर आपल्याशी बोलावयास येत नाही, आपल्याला तिच्याकडे जावे लागते. तिच्यातले यीस्टही असेच हट्टी आहे. युरोपातली बहुतेक यीस्टे गारव्यात कामे करतात. हे महाशय तीस अंशांच्या वर उकाडा झाला की खुलतात. म्हणजे त्यांना वैशाखातली डोंबिवली मानवली असती.

दुसरी बाटली अमेरिकेतल्या कॅन्सस शहरच्या बुलेव्हार्ड ब्रुअरीची. नाव ‘टँक सेव्हन’. जिथे ही बिअर प्रथम जमून आली ती टाकी सातव्या क्रमांकाची, म्हणून हे नाव. शेत नाही, शेतघर नाही, टाकीचा नंबर! परंतु हिने मला पहिल्याच घोटात जिंकले. पपनसासारखा वास, मध्ये भरीव गोडवा, शेवटी तेच मिरे. द्युपाँची साडेसहा टक्क्यांची, ही साडेआठांची. जे सांगावयाचे ते ही पहिल्याच पानावर सांगून टाकते, आणि मोठ्याने सांगते. पेल्याच्या तळाशी आलो तेव्हा मात्र तिच्याजवळ नवे सांगण्यासारखे काही उरले नव्हते. अशा कादंबऱ्या मी वाचल्या आहेत. एकदोन लिहिल्याही आहेत.

तेव्हा निकाल सोपा वाटला: बेल्जियमची अस्सल, अमेरिकेची नक्कल. तसे त्या विद्यार्थ्याला कळवलेही. परंतु थोडे वाचन केले आणि तो निकाल माझा मलाच खोटा वाटू लागला.

एक तर अमेरिकेत सगळ्याच टाक्या नव्हेत. व्हरमाँटच्या डोंगरात शॉन हिल नावाच्या गृहस्थाने २०१०मध्ये आजोबांच्या गोठ्याच्या जमिनीवर ब्रुअरी काढली आणि आपल्या बिअरांना घराण्यातल्या मागच्या पिढ्यांची नावे दिली. त्याचे शेत खरे, आजोबा खरे. फक्त त्या आजोबांनी सेझाँ कधी केली नव्हती. दुसरे, १९८०च्या सुमारास द्युपाँच्या घरी खुद्द सेझाँला फारसे कुणी विचारीत नव्हते. तिथला खप साध्या पिल्स बिअरचा. तिची थोरवी समुद्रापलीकडच्यांनी ओळखली. अमेरिकेतले आयातदार आणि रसिक तिच्या मागे लागले, तेव्हा घरच्यांना आपल्या घरच्या वस्तूचे मोल कळले. आणि तिसरी मौज अशी, की बुलेव्हार्ड ब्रुअरी २०१३मध्ये विकली गेली ती डुव्हेल या बेल्जियन कंपनीला. आता नक्कल कुणाची आणि अस्सल कुणाची, हे ठरवण्यासाठी वकील लावावा लागेल.

हे वाचीत बसलो होतो आणि समोरच्या भिंतीवर आमचे वारली चित्र होते. डोंबिवली-कल्याणच्या दिवाणखान्यांतून हल्ली असे एखादे चित्र असतेच. तारपा वाजतो आहे, भोवती फेर धरलेला आहे, आणि एका बाजूस उंच ताडाचे झाड. त्यावर मडक्याकडे चढणारा माणूस. हे चित्र आमच्याकडे दहा वर्षे आहे. तो माणूस वर कशासाठी चढतो आहे याचा विचार मी त्या दिवशी प्रथम केला.

आमची शेतघरची बिअर ती. हॉप्स नको, टाकी नको, यीस्टही विकत आणावयास नको. ताडाच्या फुलोऱ्याचे टोक धारदार कोयत्याने कापावयाचे, खाली मडके बांधावयाचे, सकाळ-संध्याकाळ चढून टोक पुन्हा जरासे छिलावयाचे. थेंब थेंब जो रस जमतो ती नीरा. मडक्याला आतून चुना लावलेला नसेल तर हवेतली यीस्टेच तिची ताडी करून टाकतात, तीही काही तासांत. ज्या फुलोऱ्याची ताडी झाली त्याला ताडगोळे धरत नाहीत. स्टेशनबाहेर चैत्र-वैशाखात ताडगोळे घेताना आपण हा हिशेब करीत नाही. सरकारने मात्र तो फार पूर्वी केला: १८७८चा आबकारी कायदा आला आणि मुंबई इलाख्यात प्रत्येक छेवलेल्या झाडावर कर बसला. घरच्या पेयाचे महसुलाचे बाब झाले.

शहरात ताडी मिळत नाही असे नाही. कल्याणला मिळते, डोंबिवलीला मिळते, बारा महिने मिळते. आणि टीकाकार म्हणून माझा पहिला आक्षेप तोच आहे. जे झाड हंगामात देते त्याची ताडी श्रावणात कशी येते? शहरातली ताडाची झाडे मोजावी आणि दुकानांतली ताडी मोजावी. बेरीज जुळत नाही. ती क्लोरल हायड्रेट नावाचे गुंगीचे रसायन घालून जुळवली जाते. अशी रसायनी ताडी छाप्यांतून वेळोवेळी पकडली गेली आहे आणि तिच्यापायी माणसे मेली आहेत. ‘टँक सेव्हन’ला मी नक्कल म्हणालो त्याची इथे लाज वाटली. तिच्या बाटलीवर जे लिहिले आहे ते निदान बाटलीत आहे.

जिवा सोमा मशे यांना १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णींनी कागद आणि रंग दिले, आणि लग्नघरच्या भिंतीवर सुवासिनींनी काढावयाची चित्रे जगभर गेली. मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. चित्राला बाहेरचा रसिक भेटला, सेझाँला भेटला. चित्रातल्या झाडावरच्या माणसाला कोण भेटले? भेटलो होतो मी. म्हणून हे सांगणे भाग आहे.

पालघर जिल्हा ठाण्यातून २०१४मध्ये वेगळा झाला. त्याच्या बऱ्याच आधी माझी नेमणूक डहाणूकडच्या एका शाळेत होती. प्रवेशाच्या दिवशी मी मुलांना बापाचा व्यवसाय विचारीत होतो. एक मुलगा म्हणाला, ‘ताडी काढतो.’ वर्ग हसला. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हेच होत असेल, तरी हसला. कारण मास्तर हसतील असे त्यांना वाटले. मी हसलो नाही. मी रजिस्टरमध्ये ‘शेती’ असे लिहिले आणि मुलाची लाज राखली, असे मला त्या वेळी वाटले. मुलगा माझ्या टाकाकडे पाहत होता. काय लिहिले ते त्याला वाचता येत होते.

गेल्या मार्गशीर्षात मी त्या गावी गेलो. कोपरला वरच्या फलाटावर दिव्याहून वसईला जाणारी गाडी धरली, वसईला डहाणू लोकल. रात्री एका जुन्या सहकाऱ्याकडे राहिलो आणि पहाटे झाडाखाली जाऊन उभा राहिलो. मुलाचा बाप अजून चढतो. मुलगा बोईसरला कारखान्यात लागला आहे. तो चढत नाही.

सूर्य वर येण्याआधी त्याने मडके उतरवले आणि पेला भरून दिला. गोड, थंड, किंचित धुरकट. ‘थांबा गुरुजी,’ तो म्हणाला, ‘आता ही दुसरी होईल.’ आम्ही बसून राहिलो. नऊ-दहाच्या सुमारास पुन्हा दिली. तिच्यात बारीक बुडबुडे आले होते, गोडी मागे सरून एक आंबूस कडा पुढे आली होती, आणि शेवटी, मी शपथेवर सांगतो, तोच द्युपाँचा कोरडेपणा होता. दुपारी तिसऱ्यांदा घेतली तेव्हा ती आंबट नि जरा उद्धट झाली होती. एकाच मडक्यातून एका दिवसात तीन पेये. द्युपाँला जे साधावयास बाटलीत आठवडे लागतात ते ही झाडाखाली तासांत करते आणि तासांतच सोडूनही देते. बेल्जियमने हंगाम बाटलीत भरला, अमेरिकेने त्याला नाव आणि आवाज दिला. दोन्ही कामे मोठी आहेत, आणि दोन्ही मला आवडली. परंतु सकाळी नऊ-दहाची ती ताडी मी या दोहोंच्या वर ठेवीन. तिला लेबल लावता येत नाही, हा तिचा दोष मी मान्य करतो.

निघताना मी रजिस्टरची गोष्ट काढली. इतकी वर्षे ती मनात होती. त्याला काहीच ठाऊक नव्हते. मुलाने घरी सांगितले नव्हते. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘शेतीच की गुरुजी. पावसाळ्यात भात, मग हे. दुसरे काय?’

विद्यार्थ्याला चव दाखवावी म्हणून मी एक स्टीलची बरणी बरोबर नेली होती. ती पुढे केली. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि रिकामीच परत दिली. वसईच्या पुढे झाकण राहणार नाही, म्हणाला. आणि कोपरला उतराल तेव्हा ती ताडी राहणार नाही.