दोन शेकोट्या

धर्मग्रंथातील प्रतिमांचा विषय निघाला की आपण चटकन यादी करू लागतो : प्रकाश म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे पाप, मेंढपाळ म्हणजे देव. बायबल वाचताना मीही पुष्कळ वर्षे हेच करीत होतो. कोशात शब्द पाहावा तसा प्रतिमेचा अर्थ पाहायचा आणि पान उलटायचे. योहानाच्या शुभवर्तमानातील शेकोटीने माझी ही खोड मोडली.

प्रसंग असा. येशूला पकडून महायाजकाच्या वाड्यात नेले आहे. रात्र थंडीची. चाकरांनी कोळसे पेटविले आहेत आणि त्यांच्यात मिसळून येशूचा शिष्य पेत्र शेकत उभा आहे. आपण येशूचे कोणी नव्हे, असे दारावरच्या दासीला त्याने सांगितलेच आहे. शेकता शेकता तो आणखी दोनदा तेच सांगतो. कोंबडा आरवतो. लूकच्या शुभवर्तमानात या क्षणी येशू वळून पेत्राकडे पाहतो आणि पेत्र बाहेर जाऊन रडतो. योहान ती नजर दाखवीत नाही, ते अश्रूही नाहीत. तो शेकोटी दाखवितो आणि गप्प राहतो.

शेवटच्या अध्यायात शेकोटी पुन्हा पेटते. पुनरुत्थानानंतरची एक सकाळ, तिबिर्या सरोवराचा काठ. रात्रभर रिकामे राहिलेले जाळे येशूच्या सांगण्यावरून टाकताच १५३ मासे लागतात. शिष्य काठावर येतात, तो निखारे फुललेले, त्यांवर मासळी आणि जवळ भाकरी. अशा निखाऱ्यांसाठी मूळ ग्रीकमधला ‘अँथ्राकिया’ हा शब्द साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. न्याहारीनंतर येशू पेत्राला तीनदा विचारतो, तुझी माझ्यावर प्रीती आहे ना? त्या रात्रीचा उल्लेख नाही, जाब नाही. आठवण द्यायची ती निखाऱ्यांनी आधीच दिली आहे.

हा अध्याय मागाहून जोडला असावा, असे काही अभ्यासक मानतात. तसे असले तरी जोडणाऱ्याला आधीच्या ग्रंथाचे मर्म कळले होते, एवढेच मी म्हणेन.

आता या शेकोटीचा अर्थ कोशात कुठे शोधावा? एकदा ती भित्र्याची ऊब आहे, एकदा क्षमेची. ती आधी खरीखुरी शेकोटी आहे. अंग शेकते, मासळी भाजते. म्हणूनच तिला अर्थ पेलतो. नुसती खूण म्हणून ती मांडली असती, तर पेत्राची लाज आपल्यापर्यंत पोहोचली नसती.

मी ख्रिस्ती नाही. श्रद्धावंताला माझे वाचन तोकडे वाटेल, आणि ते तसे आहेही. पण आपल्या घरांतूनसुद्धा रुसलेल्या माणसाशी समेट शब्दांनी क्वचितच होतो; दिवाळीत त्याच्यापुढे कोणीतरी मुकाट्याने फराळाचे ताट सरकविते. पेत्राला प्रश्न विचारण्याआधी येशूने त्याला जेवू घातले, यातले मर्म या वाचकांना मी वेगळे काय सांगावे?