‘बसविणे’ आणि ‘बसणे’ : जीपमधील फेरबदलांचे एक परीक्षण

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणाऱ्या गाडीला स्वाभाविक स्थान आहे. महाडहून वरंध घाटाने भोरकडे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे जाणारे रस्ते सह्याद्रीची भिंत चढतात. सावित्रीच्या खोऱ्यातील वाड्यांच्या कच्च्या वाटा पावसाळ्यात तांबड्या चिखलात बुडतात. अशा प्रदेशात जीपचा मालक गाडीची उंची वाढवितो, रुंद टायर घालतो, पुढे लोखंडी दांडा लावतो आणि पहिल्या पावसाबरोबर ती चिखलात उतरवून तिचा आनंद घेतो. या हौसेला कोणी चैन म्हणतात, तर कोणी प्रत्येक जोड म्हणजे गाडीच्या सामर्थ्यात भरच मानतात. या दोन्ही पक्षांत एक उणीव समान आहे. दोघांचेही लक्ष जोडलेल्या वस्तूवर आहे; ती वस्तू ज्या व्यवस्थेत प्रवेश करते, त्या व्यवस्थेवर नाही.

गॅरेजमधील मराठीत मात्र या व्यवस्थेची जाण सूक्ष्मपणे नांदते. तेथे सुटा भाग ‘बसवितात’. आणि तो नीट जुळला, म्हणजे ‘बसला’ असे म्हणतात. एक क्रियापद प्रयोजक आहे, दुसरे अकर्मक. पहिल्याचा कर्ता मनुष्य होय. दुसऱ्याचा कर्ता ती वस्तूच. ‘बसविला, पण बसला नाही’ या वाक्यात मिस्त्री मनुष्याची कृती आणि व्यवस्थेची स्वीकृती वेगळी करतो. ‘फेरबदल’ या प्रतिष्ठित शब्दात हा भेद नाही. प्रस्तुत विषयाच्या परीक्षणाला त्या दोन क्रियापदांहून चांगली कसोटी मिळणार नाही.

‘जीप’ हा शब्दच तिचे उदाहरण आहे. त्याच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. ‘जनरल पर्पज’ या शब्दांच्या आद्याक्षरांपासून तो आला, ही समजूत लोकप्रिय असली तरी वादग्रस्त आहे. १९३६ मध्ये पॉपायच्या चित्रमालिकेत अवतरलेल्या ‘यूजीन द जीप’ या प्राण्याकडेही बोट दाखविले जाते. दुसऱ्या महायुद्धातील ही गाडी स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत जुळविण्यास आरंभ केला, आणि शब्द मराठीत रुळला. ‘गाडी’च्या साहचर्याने तो स्त्रीलिंगी झाला; ‘वीट–विटेत’ या जोडीप्रमाणे ‘जीप–जिपेत’ असा ऱ्हस्व त्याने स्वीकारला; ‘जिपा’ हे अनेकवचन घेतले. हा शब्द मराठीत नुसता बसविला गेला नाही, तो बसला. ‘एसयूव्ही’ हा शब्द अद्याप तसा बसलेला नाही. त्याला प्रत्यय लागतो, परंतु त्याचे अंग बदलत नाही.

सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाविज्ञानाने हे तत्त्व मानले आहे की, व्यवस्थेतील एका घटकाचे मूल्य इतर घटकांशी असलेल्या संबंधांवरून ठरते. एक बदलला की इतरांची मूल्ये हलतात. जीपच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. पाट्यांची संख्या किंवा वाक वाढवून गाडी उंच केली की, तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलंडण्याची शक्यता वाढते. फिरत्या दांड्याचा कोन बदलल्यामुळे त्याचे क्रॉस लवकर झिजतात. मोठा टायर एका फेऱ्यात अधिक अंतर तोडतो. म्हणून वेगमापक खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवितो, चढावरील ओढ घटते आणि उतारावर इंजिनाचा रोधही मंदावतो. ब्रेकवरील भार मात्र वाढतो. आंबेनळीच्या उतारावर या साऱ्याचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको. शिवाय इतके करूनही मूळ अडचण तशीच राहू शकते. साधे डिफरन्शियल असलेल्या आसावर एक चाक अधांतरी किंवा निसरड्यात गेले की, तेच गरगर फिरते आणि दुसऱ्याला पुरेसे बळ पोचत नाही. ते बंद करणारे कुलूप बाहेरून दिसत नाही. म्हणूनच कदाचित शोभेच्या दृष्टीने ते मागे पडते.

कायद्याची भूमिका निराळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. पुढील लोखंडी दांड्यांविरुद्ध केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना लिहिले होते. आघात शोषून घेण्याच्या मूळ रचनेत असा दांडा अडथळा आणतो आणि पादचाऱ्याची इजा वाढवितो. कायदा ‘बसविणे’ मोजतो. कागदाशी तुलना करतो. ‘बसले की नाही’ हे रस्ता सांगतो. तथापि मूळ रचना ही एकत्र पारखलेली व्यवस्था असते, हे कायद्याचे गृहीतक भाषाविचाराशी सुसंगतच आहे.

या व्यवस्थेच्या बाहेर आणखी एक व्यवस्था आहे. ती म्हणजे भूमी. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळील सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली; पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी यांवरही त्याच पावसात तोच प्रसंग आला. पूर आणि तुटलेले रस्ते यांमुळे मदत पोचण्यास विलंब झाला. अशा वेळी चिखल तुडविणारी गाडी ही चैन राहत नाही. परंतु तिच्या मर्यादाही तेव्हाच उघड होतात. हवा ओढणारी नळी टपापर्यंत नेली, तरी ती केवळ इंजिनात पाणी जाऊ देत नाही. वाहत्या पाण्याच्या रेट्यापुढे गाडीचे वजन वाढवीत नाही.

तेव्हा हौसेला दोष देण्याचे कारण नाही. रंग, आसने, कापडी टप यांत मालकाची रुची व्यक्त होते आणि मूळ रचना बहुधा अबाधित राहते; तो अलंकार होय, व अलंकाराला त्याचे स्थान आहे. आक्षेप आहे तो अलंकाराने सामर्थ्याचे नाव धारण करण्याला. उंची, चाके आणि दांडा हे सामर्थ्याचे शब्द आहेत. त्यांचे वाक्य जुळले नाही, तर घाटाच्या वळणावर त्याचा अर्थ उलटतो. ज्याने एक भाग बदलताना उरलेल्या भागांना त्याचे परिणाम विचारले, भाताच्या बांधांवरून चाक नेले नाही आणि सावित्रीचे पाणी पाहून गाडी थांबविली, त्याची जीप या भूमीत बसली असे म्हणावे. इतरांची अद्याप केवळ बसविलेली आहे.