रशियन गणितज्ञ, जो कधी नव्हताच

पीएच.डी.ची तयारी करताय ना? मग आधी एक प्रश्न. सिनॉप्सिसच्या शेवटी जे संदर्भ लावलेत, त्यातले तुम्ही स्वतः उघडून वाचलेले किती?

मला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला गेला होता. अमरावतीत माझं सादरीकरण होतं. यादीत मी कारहुनेन यांचा 1947 चा प्रबंध ठोकून दिला होता. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "जर्मन येतं का तुम्हाला?" प्रबंध जर्मनमध्ये आहे हेच मला माहीत नव्हतं. कुणाच्या तरी पेपरच्या शेवटून ओळ उचलली होती. सिनॉप्सिस परत आला.

मग त्या प्रमेयाचा माग काढायला बसले आणि वाटेत दामोदर धर्मानंद कोसंबी भेटले. 1907 साली गोव्यात जन्म, शिक्षण हार्वर्डला, मग बनारस, अलिगढ, पुण्याचं फर्ग्युसन आणि 1945 पासून टाटा मूलभूत संशोधन संस्था. आपल्याकडे ते इतिहासकार म्हणून माहीत आहेत. त्यांचं गणित मात्र फार कमी जण उघडतात. मी इथे त्यांच्या तीन लेखनांबद्दल लिहितेय. कौतुक आहे, पण नुसतं कौतुक नाही.

पहिलं लेखन म्हणजे एक थट्टा. 1931 च्या सुमारास कोसंबी अलिगढला होते आणि गणित विभागाचे प्रमुख होते तरुण फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय. वेय यांच्या सांगण्यावरून कोसंबींनी 'बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेया'चं सामान्यीकरण करणारं एक टिपण छापलं. हे डी. बूर्बाकी कोण? तर एक अल्पपरिचित रशियन गणितज्ञ. असा माणूस कधी नव्हताच! ते नाव पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या 1923 च्या एका खोडीतून आलं होतं. पुढे 1935 च्या आसपास वेय आणि मित्रांनी याच नावाखाली आधुनिक विश्लेषणाची मांडणी बदलणारे ग्रंथ लिहायला घेतले. म्हणजे बूर्बाकी हे नाव संशोधन-नियतकालिकात आलं ते आधी आपल्या देशात, एका गोवेकराच्या हातून. किस्सा भारी आहे. पण विचार करा, संदर्भ म्हणून दिलेला माणूसच खोटा, आणि तरी छापून आलं. कुणी तपासलंच नाही. आज एआयला संदर्भ मागितले की तेही असेच न जन्मलेले लेखक देतं. कोसंबींना निदान आपण थट्टा करतोय हे माहीत होतं.

दुसरं लेखन 1943 चं, 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'तलं. जेमतेम 13 पानं, विषय फलन-अवकाशातलं संख्याशास्त्र. कल्पना अशी. फूरिए मालिकेत आपण फलनाचे साइन-कोसाइनमध्ये तुकडे करतो. हे तुकडे आधीच ठरलेले, फलन कोणतंही असो. आता अकोल्याचं तापमान घ्या. दर वर्षीचा आलेख निराळा, म्हणजे फलनच यादृच्छिक. 1 मे तापला तर 2 मे बहुतेक तापणारच, डिसेंबरशी मात्र त्याचं नातं तेवढं घट्ट नाही. ही सगळी नाती म्हणजे कोव्हेरियन्स. त्याच्या इंटिग्रल समीकरणातून जी आयगेन फंक्शन निघतात, त्यांच्यात आलेख मांडला की सहगुणक एकमेकांशी असंबद्ध येतात. तुकडे कसे करायचे हे इथे माहितीच सांगते.

याचा फायदा किती? ब्राउनियन गती 0 ते 1 या अंतरालावर घेऊन हिशेब करा. पहिल्या एकाच पदात एकूण व्हेरियन्सचा 8 भागिले पायचा वर्ग, म्हणजे सुमारे 81 टक्के भाग येतो. दुसरं पद जोडलं की 90 टक्के. हा हिशेब एकदा हाताने कराच.

हेच आज कारहुनेन-लोएव्ह विस्तार म्हणून शिकवलं जातं. मग श्रेय चोरलं का? असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. महायुद्ध चालू होतं, आपलं नियतकालिक युरोपात कितीसं पोचणार? कोल्मोगोरोव्ह या खऱ्या रशियन गणितज्ञाने 1933 मध्ये संभाव्यतेचा पाया घातल्यावर अशी कल्पना अनेकांना सुचणं साहजिक होतं. कोसंबी आधी पोचले हे खरं. पण तिचा भक्कम सिद्धांत बांधला तो कारहुनेन यांच्या प्रबंधाने आणि लोएव्ह यांच्या 1955 च्या ग्रंथाने. काही जण आता तिन्ही नावं जोडून लिहितात, तेच योग्य वाटतं.

तिसरं लेखन वाचताना वाईट वाटतं. 1959 मध्ये त्यांनी कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात रीमान हायपोथेसिसवर दावा मांडला. युक्तिवाद संभाव्यतेवर उभा होता आणि गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. 'बहुतेक वेळा खरं' आणि 'नेहमीच खरं' यांत दरी असते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? तरी चूक झाली. संख्या सिद्धांताची तपासणी जिथे होणार नाही, अशा जागी तो पेपर गेला हीसुद्धा चूकच. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही, आणि 1966 मध्ये ते गेले.

हे मी अकोल्याच्या मैत्रिणीला सांगत होते. ती कृषी विद्यापीठात, पिकांच्या जनुकांवर काम करते. ती म्हणाली, "कोसंबी? तो तं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज भेटते." खरंच आहे. 1944 चं त्यांचं सूत्र आजही जनुकांमधलं अंतर मोजायला वापरतात. पुनर्संयोग 20 टक्के असेल तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर 25.5 सेंटीमॉर्गन येतं, कोसंबींच्या सूत्राने 21.2. एका क्रॉसओव्हरमुळे शेजारी दुसरा अडतो, हे कोसंबींनी हिशेबात धरलं. तिला ते नाव रोज दिसतं, पण माणूस माहीत नव्हता. मला माणूस माहीत होता, गणित नव्हतं.

दुसऱ्यांदा सिनॉप्सिस दिला तेव्हा माझे संदर्भ 41 वरून 17 वर आले होते. सगळे वाचलेले. त्यात कोसंबींचा 1943 चा पेपर होता, कारहुनेन नव्हते. सरांनी यादी पाहिली, 1943 च्या पेपरवर तीन प्रश्न विचारले. दोन आले, एक चुकला. सिनॉप्सिस मंजूर झाला.

तुम्ही आज रात्री यादी काढा आणि न वाचलेल्यांवर पेन्सिलने फुली मारा. किती उरतात ते बघा.