निरुपयोगी वस्तूचे आकर्षण : विरार गाडीतील विक्रेत्याच्या वाणीचा विचार

नवलाईच्या, परंतु व्यवहारात कुचकामी ठरणाऱ्या वस्तूंचा लोकांना इतका सोस का असावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ग्राहकाच्या भोळेपणात शोधले जाते. मराठी विनोदी वाङ्मयानेही हीच वाट मळविली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तील धोंडो भिकाजी जोशी हा गिरगावकर कारकून नव्या चालीरीतींमागे फरफटत जातो, तेव्हा हास्याचा विषय होतो तो फरफटणारा माणूस, त्या नवलाईच्या अंगी ओढण्याचे सामर्थ्य कोठून आले, हा विचार दुय्यम राहतो. विनोदाचे ते कार्यही नव्हे. समीक्षेने मात्र तेवढ्यावर संतुष्ट राहणे योग्य होणार नाही.

या विचाराला वसई-विरार परिसरात एक चांगले साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे लोकलच्या महिला डब्यातील विक्रेत्याची वाणी. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर सुरू झालेली महिला विशेष गाडी १९९३ मध्ये विरारपर्यंत नेण्यात आली. परतीच्या प्रवासात मटार सोलणे, मेथी निवडणे, गवार मोडणे ही कामे या डब्यांत चालतात, हे सर्वश्रुत आहे. त्याच डब्यात लसूण सोलण्याची रबरी नळी येते, गाजराचे फूल करणारे पाते येते, दोरी ओढताच कांदा चिरणारे भांडे येते.

विक्रेत्याच्या वाणीची घडण पाहण्यासारखी आहे. ती वस्तूच्या नावाने सुरू होत नाही. कष्टाच्या उल्लेखाने होते. डोळ्यांना येणारे पाणी, बोटांना लागणारा वास, सकाळची घाई, आणि मग वस्तू. ‘ताई’, ‘मावशी’ या संबोधनांनी गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यात घटकाभराचे नाते जुळते. पुढे प्रयोग, आणि अखेरीस दुकानातील भाव सांगून तो क्षणात खाली आणणे. हे सर्व दोन स्थानकांच्या दरम्यान बसवावे लागते. भाईंदर-नायगाव यांमधील खाडीपुलाचे अंतर त्यास पुरेसा अवकाश देते. ताईत विकणाऱ्या गारुड्याची रीत याहून निराळी नव्हती. खेळ फुकट, ताईत विकत. येथेही विकला जातो तो प्रयोग. वस्तू ही त्याची खूण म्हणून घरी जाते, हे लक्षात घेतले म्हणजे ती पुढे फडताळात का पडून राहते याचे नवल वाटत नाही. वसईजवळच्या निर्मळच्या जत्रेतून आणलेल्या पिपाणीला कोणी उपयोग विचारीत नाही. ती जत्रा कार्तिकात भरते. गाडीतील जत्रा रोजची, एवढाच भेद.

परंतु ग्राहक फसते काय? सामान्य समजुतीची खरी अडचण येथे आहे. जिच्या मांडीवर मटारांची पिशवी आहे, तिच्याइतका या विषयातला अधिकारी परीक्षक दुसरा नाही. नळीपेक्षा अंगठ्याचे नख जलद चालते, हे तिला ठाऊक असते. शेजारणीच्या हाती नळी देत ती हसते, आणि तरीही घेते. व्हेब्लेनने १८९९ मध्ये मांडलेली दिखाऊ उपभोगाची उपपत्ती येथे लागू पडत नाही. वीस-तीस रुपयांच्या नळीने कोणाची प्रतिष्ठा वाढत नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत गॅरी डाल याने पेटीत घालून विकलेला ‘पाळीव दगड’ अधिक जवळचा, कारण तेथेही सोबत दिलेल्या पुस्तिकेतील विनोदच विकला जात होता. तथापि दगडाला कष्टाची पार्श्वभूमी नव्हती. नळीला आहे. तिची निरुपयोगिता स्वयंपाकघरात सिद्ध होते. डब्यात मात्र ती, हे काम आपल्याला न करावे लागले तर, या कल्पनेला क्षणभर हाताळता येईल असे रूप देते. त्या कल्पनेची किंमत वीस रुपये असेल, तर ती महाग म्हणता येणार नाही.

जपानमध्ये केन्जी कावाकामी याने ‘चिंदोगु’ या नावाने अशा विक्षिप्त साधनांना कलेचा दर्जा दिला. ती विकावयाची नाहीत, असा त्याचा नियम. हा नियम सुखवस्तू विनोदाचा आहे. विरार गाडीतील विक्रेत्याचे पोट त्या विनोदावर चालते, आणि १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४४ अन्वये अनधिकृत फेरीविक्री हा गुन्हा असल्याने त्याच्या कौशल्यात पोत्यासह चपळाईने उतरणे हेही अंतर्भूत आहे.

एवढे कौतुक केल्यावरही या वाणीतील एक उणीव नजरेआड करता येत नाही. ती कष्टाचे वर्णन नेमके करते, त्यावर हसविते, सुटकेचे स्वप्नही दाखविते. पण लसूण घरातील दुसऱ्या कोणी सोलावा, हे ती कधीच सुचवीत नाही. पुरुषांच्या डब्यात विक्रेता हीच नळी क्वचितच नेतो. तेथे तो विजेरी आणि मोबाइलचे आवरण काढतो.